माळ्यावरची भट्टी व तिजखालील चकचकीत पडदा

महसूल खात्यांत कारकुनी करणाऱ्या माणसास घरांचीं वर्णनें फार लिहावीं लागतात. वादळ झालें, आग लागली, नाला फुगून गांवांत शिरला, कीं पंचनामा आला. आणि पंचनामा आला कीं भिंती कशाच्या व छप्पर कशाचें हे दोन प्रश्न ठरलेलेच. मी नोकरीस लागलों तेव्हां समुद्रपूर तालुक्यांतील बहुतेक घरांपुढें 'भिंती मातीच्या, छप्पर कवेलूचें' असें लिहीत असें. २०२४ सालीं सेवानिवृत्त झालों तेव्हां त्याच गांवांत 'छप्पर टिनाचें' हेच शब्द पुन्हां पुन्हां लिहावे लागत होते. हा पालट कोणाच्या हुकुमानें झाला नाहीं. ज्यानें त्यानें आपल्या अडचणीपुरता तो करून घेतला, आणि पाहतां पाहतां सगळ्या गांवाचें डोकें बदललें.

अडचणी खोट्या नव्हत्या. वानरांची टोळी एकदां छपरावरून नाचून गेली कीं निम्मे कवेलू फुटतात. पावसाळ्यापूर्वीं कवेलू फेरून देणारे कसबी हात आतां शोधूनहि सांपडत नाहींत. कुंभाराच्या भट्ट्या विझल्या, आणि सागाच्या वाशांचे भाव आवांक्याबाहेर गेले. टिनाचा पत्रा एका दिवसांत चढतो, वानरास भीक घालीत नाहीं, आणि वर्षानुवर्षें त्याजकडे पाहावें लागत नाहीं. म्हणून टिन घालणाऱ्या कोणासहि मी दोष देत नाहीं. तसा अधिकारहि मला उरलेला नाहीं, कारण मींहि तेंच केलें.

आमचें घर जाम येथें आहे. नागपूरचा मोठा रस्ता आमच्या गांवीं फुटतो. एक वाट हिंगणघाटावरून हैदराबादेकडे व दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपुराकडे जाते. वडिलांच्या हातचें मातीच्या जाड भिंतींचें घर, वर सागाच्या फळ्यांचा माळा, व त्यावर कवेलू, अशी त्याची ठेवण होती. २०२१ च्या पावसाळ्यापूर्वीं वानरांस कंटाळून मीं कवेलू उतरविले व त्याच वाशांवर निळ्या रंगाचा पत्रा ठोकविला. पावसाळा उत्तम गेला. थेंबभरहि गळलें नाहीं, आणि मीं आपली पाठ आपणच थोपटून घेतली.

मग २०२२ चा उन्हाळा आला. हवामान खात्याच्या नोंदींप्रमाणें १९०१ पासून भारतांत इतका तप्त मार्च महिना झाला नव्हता. माझ्या मातोश्रींचें वय तेव्हां ऐंशीच्या घरांत होतें. माळ्याखालच्या मधल्या खोलींत त्यांची खाट कित्येक वर्षें एकाच जागीं होती. चैत्रांतच त्या म्हणूं लागल्या, "कां रे बाबू, डोक्यावर भट्टी पेटवली काय?" मीं नवा पंखा बसवून दिला व कचेरींत गेलों. वैशाखांतील एका दुपारीं त्या खाटेवर पडल्या पडल्या असंबद्ध बोलूं लागल्या. अंग तव्यासारखें तापलेलें, आणि घाम मुळींच नाहीं. शेजाऱ्यांच्या गाडीनें दवाखान्यांत नेलें. तेथें पहिला प्रश्न हाच झाला कीं, "आजी उन्हांत गेल्या होत्या काय?" त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. ऊन घरांत आलें होतें, आणि तें मीं आणलें होतें. ईश्वरकृपेनें त्या वांचल्या, परंतु त्या वर्षापासून काठीवांचून त्यांस चालवत नाहीं.

उष्माघात हा उन्हांत राबणाऱ्यांचा आजार, असा आपला समज असतो. तो अपुरा आहे. म्हाताऱ्या माणसांस तो घरांत बसल्या बसल्या, दिवसामागून दिवस तापत राहिलेल्या खोलीमुळें होतो. २०१० च्या मे महिन्यांत अहमदाबादेस उष्णतेची लाट आली, तेव्हां एरवींच्या मानानें १,३४४ मृत्यू अधिक झाले असें पुढें अभ्यासकांनीं हिशेब करून दाखविलें. त्यानंतर २०१३ मध्यें त्या शहरानें उष्णतेपासून बचाव करण्याची योजना आंखली. आपल्या नागपुरास २३ मे २०१३ रोजीं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. (२०२४ च्या मे अखेरीस नागपुरांतील एका स्वयंचलित यंत्रानें ५६ अंश दाखविल्याची बातमी सर्वत्र पसरली. तें यंत्र बिघडलेलें निघालें. पण त्या बातमीवर आपण सर्वांनीं क्षणाचाहि विलंब न लावतां विश्वास ठेवला, यावरून आपल्या उन्हाळ्याची कल्पना यावी.) हे आंकडे हवेचे, व तेहि छायेंतले. त्याच वेळीं उन्हांतील गडद रंगाचा पत्रा सत्तर अंशांच्या आसपास तापलेला असतो.

ही पत्र्याची उष्णता माळ्याच्या फळ्या ओलांडून खाटेपर्यंत येते कशी? माझी समजूत अशी होती कीं, पत्र्याखालील हवा तापते आणि ती गरम हवा खालीं उतरते. ही समजूत चुकीची आहे. गरम हवा हलकी असते. ती आढ्याकडे चढते. खालीं येतो तो पत्र्याचा ताप, आणि तो हवेच्या आधारावांचून, उजेडासारखा सरळ येतो. फक्त डोळ्यांस दिसत नाहीं. शेकोटीसमोर बसलें असतां तोंड भाजतें व पाठ गार राहते, आणि मध्यें कोणी आडवा आला कीं शेक तत्क्षणीं थांबतो, तो हाच प्रकार. शास्त्रांत यास उष्णतेचें प्रारण म्हणतात. पत्रा जसजसा तापतो तसतसें हें प्रारण फार झपाट्यानें वाढतें. स्टेफान या शास्त्रज्ञानें १८७९ सालीं त्याचा नियम बसविला. त्या नियमानें हिशेब केला तर २७ अंशांवरचा पत्रा ७७ अंशांवर गेला असतां त्यांतून निघणारा ताप पावणेदोनपटीहून अधिक होतो. त्याखालीं माळ्याच्या फळ्या दिवसभर शेकत राहतात, आणि मग फळ्यांचा तळ खाटेवरील माणसास शेकूं लागतो. पंखा या शेकास अडवूं शकत नाहीं.

या तापाची एक खोड आहे व आपला सर्व उपाय तिच्यावरच उभा आहे. काळा, खरबरीत पृष्ठभाग ताप भराभर टाकतो व भराभर घेतो; चकचकीत धातू तो फारसा टाकीतहि नाहीं व फारसा घेतहि नाहीं. जॉन लेस्ली या गृहस्थानें १८०४ सालीं चौकोनी डब्यांत ऊन पाणी भरून हें दाखविलें. प्रयोग घरीं करण्याजोगा आहे. तेलाच्या रिकाम्या चौकोनी डब्याच्या एका बाजूस दिव्याची काजळी धरावी, समोरची बाजू घासून लखलखीत करावी, आंत उकळतें पाणी भरावें, आणि दोन्ही बाजूंपासून चार बोटें अंतर राखून तळहात धरावे. डबा एकच, पाणी एकच. पण काजळीकडील हातास चांगला शेक लागतो आणि चकचकीत बाजूकडील हातास फारच थोडा. आमच्या घरच्या मंडळींचा विश्वास बसला तो माझ्या व्याख्यानानें नव्हे, या डब्यानें.

चहाच्या थर्मासाची आंतील कांच चांदीसारखी चमकते ती याकरितांच. ड्यूअर या शास्त्रज्ञानें १८९२ सालीं ती युक्ती काढली. दुसरें उदाहरण तर आकाशांतलें आहे. १९७३ च्या मे महिन्यांत अमेरिकेनें स्कायलॅब नांवाचें अंतराळांतील घर वर सोडलें. त्याची बाहेरची ढाल वर जातांनाच उखडली व आंतील ताप पन्नास अंशांच्या वर गेला. मागाहून गेलेल्या अंतराळवीरांनीं त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पातळ कापडाची छत्री उघडली, तेव्हां कोठें तें घर राहण्याजोगें झालें. तेथें हवाच नाहीं. म्हणजे सूर्यापासून येणारा तो सारा निव्वळ प्रारणाचा ताप होता. आपल्या माळ्यावर लावावयाचा पडदा याच जातीचा आहे. प्लास्टिकच्या विणलेल्या कापडावर ॲल्युमिनियमचा वर्ख चढविलेला हा पडदा शहरांत पत्र्याच्या दुकानीं रोलवर मिळतो. नवा व स्वच्छ असतां असा वर्ख अंगावर आलेल्या प्रारणापैकीं ९५ टक्क्यांच्या आसपास परत पाठवितो.

मग कवेलूच्या घरांत असा पडदा नसतां गारवा कसा असे, असें कोणी विचारील. कवेलू ही भाजलेली माती. ती पत्र्याइतकी लवकर तापत नाहीं, तिचे थर एकमेकांवर चढलेले असतात, आणि त्यांच्या फटींतून वारा सारखा खेळतो, त्यामुळें तापलेली हवा आढ्याशीं कोंडून राहत नाहीं. ज्यांस हें अंगानें अनुभवावयाचें असेल त्यांनीं भर उन्हाळ्यांत सेवाग्रामास जावें. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजीं, म्हणजे ऐन उन्हाळ्यांत, त्या गांवीं आले. तेव्हां गांवाचें नांव शेगांव होतें. पाचशे रुपयांच्या आंत आणि जवळपास मिळणाऱ्या साहित्यांतूनच घर बांधावें अशी त्यांची अट होती. त्या मातीच्या भिंती व तीं कवेलूचीं छपरें आजहि उभीं आहेत. नवें घर बांधणाऱ्यानें वर्ध्याजवळील दत्तपूर येथेंहि एक फेरी टाकावी. देवेंद्रकुमार यांनीं १९७६ सालीं स्थापिलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानें कुंभाराच्या चाकावरील भाजक्या नळ्या एकमेकींत गुंतवून लाकडावांचून कमानी छप्पर उभें करण्याची रीत पुढें आणली आहे. पण ज्याच्या घरावर पत्रा चढून गेला आहे त्यानें तो उतरवून पुन्हां कवेलू घालावे, हा उपदेश मी करणार नाहीं. वानरें अजून आहेतच.

पडदा लावतांना पहिल्या खेपेस मीं जी चूक केली ती आधीं सांगतों, म्हणजे वाचकांचे पैसे वांचतील. २०२३ च्या फाल्गुनांत मीं तो माळ्याच्या फळ्यांवर सतरंजीसारखा अंथरला, चकचकीत बाजू वर करून. सोपें काम, दोन तासांत झालें. त्या उन्हाळ्यांत खोली खरोखरच निवळली. मग पावसाळा गेला, सोयाबीनची काढणी झाली, मळणीचा भुसा वाऱ्यानें माळ्यावर शिरला, आणि उंदीर व पाली यांनीं आपला वाटा उचलला. पुढच्या वैशाखांत वर चढून पाहतों तों पडद्यावर मातकट थर बसलेला. धूळ बसली कीं वर्ख आणि घोंगडी यांत फरक राहत नाहीं. २०२४ चा तो उन्हाळा मातोश्रींनीं पडवींत, ओल्या चादरीच्या आडोशानें काढला.

खरी जागा वाशांच्या खालची. चकचकीत बाजू खालीं, माळ्याकडे तोंड करून ठेवावी. हें ऐकून बहुतेकांस नवल वाटतें, कारण ताप वरून येतो तर चमक वर हवी असें वाटणें साहजिक आहे. पण वर सांगितलेली खोड आठवावी: चकचकीत धातू ताप टाकीत नाहीं. पत्र्याखालीं पडदा तापतो, तरी खालच्या बाजूनें तो ताप फारसा सोडीत नाहीं. आणि खालीं तोंड केलेल्या पृष्ठभागावर धूळ बसत नाहीं. दोन्ही बाजूंस वर्ख असलेला पडदा मिळाला तर उत्तमच. वरची बाजू मळली तरी खालची काम देत राहते.

वर्खाच्या अंगास हवा लागली पाहिजे, ही या कामांतील मुख्य अट. पत्रा व पडदा यांत निदान एक इंच अंतर असावें. वाशांच्या तळाशीं ठोकला असतां वाशांच्या जाडीनें तें आपोआप मिळतें. दोन फळ्यांच्या मध्यें दाबून बसविलेला वर्ख कांहींच करीत नाहीं, कारण मग ताप प्रारणानें न येतां नुसत्या स्पर्शानें पार होतो. कांहीं पडद्यांवर चमक दिसते, पण तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा जाड थर असतो. तो थर ताप घेतो व टाकतो, म्हणून असा माल घेऊं नये. दुकानांतच पारख करावयाची तर चमक तापलेल्या इस्त्रीपुढें, न टेकवितां, धरावी व मागें हात ठेवावा.

आमच्या येथें गांवच्या सुतारानें व त्याच्या मुलानें २०२५ च्या माघांत दोन दिवसांत काम केलें. पडदा एका वाशापासून दुसऱ्या वाशापर्यंत किंचित सैल ताणला, सांध्यावर चार बोटें चढविला, आणि बांबूच्या कामट्या वरून ठोकून चुकांनीं बसविला. नुसत्या चुका मारल्या तर वाऱ्यानें तो चुकेशीं फाटतो. वळचणीकडे दोन बोटें व आढ्याखालीं चार बोटें फट मोकळी सोडली, आणि दोन्ही त्रिकोणी भिंतींत वरच्या टोकाशीं एकेक झरोका पाडून त्यास जाळी लावली. वळचणीकडून शिरलेला वारा पत्र्याखालची तापलेली हवा घेऊन झरोक्यानें बाहेर पडतो. पावसाळ्यांत पत्र्यास रात्रीं आंतून घाम येतो. तो पडद्यावरून उतारानें वळचणीस निघून गेला पाहिजे. मध्यें झोळ राहूं देऊं नये.

एक गोष्ट जिवावरची आहे. ॲल्युमिनियम वीज वाहून नेतो. जुन्या घरांत वाशांवरून दिव्यांच्या तारा नेलेल्या असतात, आणि त्यांचें वेष्टण उष्णतेनें तडकलेलें असतें. अशा तारेस वर्ख टेकला, किंवा चूक तारेंतून गेली, तर सगळा माळा विजेचा होईल. म्हणून आधीं तारा नळींत घालून घ्याव्या, आणि काम चालूं असतां मुख्य बटण बंद ठेवावें. चुलीच्या धुराड्यापासूनहि पडदा दूर राखावा. त्याचें अंतरंग प्लास्टिकचें आहे.

कारकुनाची सवय म्हणून मीं अर्धा माळा आधीं झांकविला व उरलेला अर्धा त्या चैत्रांत आठ दिवस तसाच ठेवून दोन तापमापक टांगले. दुपारीं तीन वाजतां फळीच्या तळाशीं टेकविलेला तापमापक झांकलेल्या भागीं सुमारें सात अंशांनीं कमी दाखवी. खोलींतील हवेंत मात्र फरक दोन-अडीच अंशांचाच पडला. धाकटा मुलगा म्हणाला, "बाबा, एवढ्यासाठीं इतका खटाटोप?" मातोश्रींनीं न विचारतां आपली खाट झांकलेल्या भागाखालीं ओढून घ्यावयास सांगितली. हवेचा पारा थोडाच उतरतो हें खरें, पण डोक्यावरचा शेक थांबतो, आणि अंगास कळतो तो शेक. बाहेरच्या गरम वाऱ्यास मात्र हा पडदा अडवीत नाहीं. दुपारीं दारें-खिडक्या मिटणें, वाळ्याचा ओला पडदा सोडणें, हें पूर्वींप्रमाणें करावेंच लागतें.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें याचा एक फायदा मीं प्रथम मनांतहि धरला नव्हता. आपण घरचें सोयाबीनचें बियाणें पोत्यांत भरून माळ्याखालच्या खोलींत किंवा माळ्यावरच ठेवतों. सोयाबीनचें बी उष्णतेनें फार लवकर मरतें. हॅरिंग्टन नांवाच्या अमेरिकन बीजशास्त्रज्ञाचा ठोकताळा असा कीं, साठवणीचा ताप पांच अंशांनीं उतरला तर बियाण्याचें आयुष्य दुप्पट होतें, आणि बियाण्यांतील ओल एक टक्क्यानें कमी झाली तरी तसेंच दुप्पट होतें. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण निदान ७० टक्के असावी लागते. २०२२ त मृगापूर्वीं मीं माळ्यावरच्या पोत्यांतील शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून पाहिले, तों एकेचाळीसच उगवले होते. ऐन पेरणीच्या तोंडावर बियाणें विकत आणावें लागलें, आणि मीं त्या वेळीं दोष दिला तो वाणास. आतां बियाणें माळ्यावर ठेवीत नाहीं. मधल्या खोलींत लाकडी फळीवर, भिंतीपासून दूर रचतों. २०२५ त तेथील शंभरांपैकीं अठ्ठ्याहत्तर दाणे उगवले. दोन वर्षांचें पीक व ओल सारखी नव्हती, तेव्हां सगळें श्रेय पडद्यास देतां येत नाहीं.

स्लॅबच्या घरास हा उपाय तसाच लागू पडत नाहीं. खालीं दुसरें छत करून मध्यें पोकळी सोडली तरच वर्खाचा उपयोग. नाहीं तर स्लॅबच्या माथ्यावर पांढरा रंग देणें स्वस्त पडतें. पांढरा माथा ऊन मुळांतच परत फेंकतो. आमच्या रस्त्यानें खालीं गेलें असतां लागणाऱ्या तेलंगण राज्यानें २०२३ सालीं थंड छपरांविषयीं स्वतंत्र धोरणच जाहीर केलें. पत्र्यावरहि पांढरा रंग चालतो व पडद्याच्या जोडीला तो असल्यास अधिकच बरें. मात्र तो पत्र्याकरितां केलेला रंग असावा. नुसता चुना पत्र्यावर टिकत नाहीं, पहिल्या वळवाच्या सरींत अंगणांत उतरतो. आणि पुन्हां पत्रा घेण्याची वेळ आलीच तर गडद निळा किंवा तांबडा न घेतां पांढरट घ्यावा. मीं निळा घेतला तो दिसावयास बरा म्हणून.

आमच्या रोलांतून सहा हात पडदा उरला होता. गोठ्यालगत सालदाराची खोली आहे; तिला माळा नाहीं, पत्रा थेट डोक्यावर, आणि त्याचीं दोन लहान मुलें दुपारीं तेथेंच निजतात. उरलेला तुकडा त्या खोलीच्या तृतीयांशासहि पुरला नाहीं. तो सध्यां मुलांच्या बाजेवर, पत्र्याखालीं हातभर अंतरावर, दोरीनें ताणून बांधला आहे. बाकीच्या भागासाठीं नवा रोल सांगून ठेवला आहे, आणि सुतारानें माघाचा वायदा केला आहे.